व्हिडिओवरून लाठी शिकताना: कुठपर्यंत जाता येतं आणि कुठे थांबावं लागतं

प्रश्न जर्मनीतून आला आहे. श्टुटगार्टजवळ राहणारे एक गृहस्थ लिहितात: "ताई, माझी लेक ११ वर्षांची आहे. कोल्हापूरच्या मुलींचे मर्दानी खेळ मोबाईलवर पाहिल्यापासून तिने लाठी आणि दांडपट्टा शिकायचा ध्यास घेतलाय. तिच्यासोबत मलाही शिकायचंय. इथे शिकवणारं कुणी नाही. व्हिडिओवरून हे खरंच शिकता येतं का, आणि सुरुवात कुठून करावी?"

लाठी शिकता येईल, आणि चांगली शिकता येईल. मात्र ती एका ठिकाणी येऊन अडेल, आणि तिथून पुढे मैदानावर उतरल्याशिवाय गत्यंतर नाही. दांडपट्टा व्हिडिओवरून शिकू नका, आणि कुणी तो व्हिडिओवरून शिकवतो म्हणालं तर त्याच्याकडे जाऊ नका. ही दोन्ही उत्तरं अशी का, ते आता सविस्तर सांगते.

मी नवव्या वर्षी कोल्हापुरात लाठी हातात घेतली आणि गेली २६ वर्षं शिकवते आहे. २०२० च्या टाळेबंदीत मैदान बंद झालं तेव्हा नाइलाजाने मोबाईलसमोर उभी राहिले. पुढे परगावची आणि परदेशातली मराठी मुलं येत गेली, म्हणून तो वर्ग आजही चालू आहे. तेव्हा जे सांगतेय ते करून, चुकून आणि सुधारून कळलेलं आहे.

माझ्या पहिल्या चुकीपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्याकडून तीच आधी होणार. टाळेबंदीत मी मुलांकडे तोंड करून उभी राहायचे, मैदानावर उभी राहते तशीच. मैदानावर ते चालतं, कारण मी फिरत असते, मुलाच्या मागे जाऊन त्याचा हात धरून वळवते. पडद्यावर मुलं मला आरशात पाहिल्यासारखं पाहत होती. माझा उजवा हात पुढे आला की त्यांचा डावा पुढे यायचा. त्यात भर म्हणजे मोबाईलचा पुढचा कॅमेरा स्वतःची छबी उलटी दाखवतो, पण समोरच्याला सुलटी पाठवतो. मुलाला वाटायचं आपण ताईंसारखंच करतोय, आणि मला वाटायचं याला डावं-उजवं कळत नाही. दोन महिन्यांनी मैदान उघडलं तेव्हा निम्म्या मुलांचा हातबदल उलट्या बाजूने पक्का झाला होता. तो सुटायला तीन महिने गेले. शिकण्यापेक्षा सोडवणं जड असतं. तेव्हापासून मी नवा हात, म्हणजे लाठी फिरवण्याची नवी क्रिया, दाखवताना कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहते, आणि मुलांनीही सरावाचा व्हिडिओ कॅमेऱ्याकडे पाठ करूनच काढायचा असा नियम आहे. चेहरा दिसला नाही तरी चालेल, खांदा, कोपर आणि टाच दिसली पाहिजे.

आता व्हिडिओत काय दिसतं आणि काय निसटतं ते पाहू. पाच फुटांची लाठी एक-तृतीयांशावर धरली की लांब बाजूचं टोक हातापासून साधारण मीटरभर लांब असतं. बऱ्यापैकी तयार मुलगी सेकंदाला दोन फेऱ्या सहज फिरवते. म्हणजे ते टोक सेकंदाला साडेबारा मीटर पळतं, ताशी ४५ किलोमीटर. मोबाईलचा साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत टोक ४२ सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. मनगट कुठे वळलं, बोटं कुठे सैल झाली, लाठी तळव्यातून कधी सरकली, हे सगळं त्या ४२ सेंटिमीटरच्या आत घडून जातं. तुम्ही माझा व्हिडिओ कितीही वेळा पाहिलात तरी जे टिपलंच गेलं नाही ते कुठून दिसणार?

शिवाय मोबाईलचा कॅमेरा सबंध चित्र एकाच क्षणी टिपत नाही, ओळीओळीने वाचत जातो. त्यामुळे जोरात फिरणारी सरळ लाठी चित्रात धनुष्यासारखी वाकलेली दिसते. माझ्याकडच्या एका मुलाने तो वाक खरा धरला. लाठी वाकली पाहिजे म्हणून तो मनगटाला झटका देत राहिला आणि तीन आठवड्यांत कोपर धरून बसला. दोष त्याचा नव्हता. त्याने डोळ्यांना दिसलं ते केलं.

म्हणून व्हिडिओवर शिकण्याबद्दलची माझी समजूत पार बदलली. लोकांना वाटतं, गुरूचा चांगला व्हिडिओ मिळाला की झालं. मी उलट सांगते: माझा व्हिडिओ तुम्ही किती पाहता यापेक्षा तुमचा व्हिडिओ मला किती स्पष्ट दिसतो यावर तुमचं शिक्षण चालतं. मी दाखवायला वीस सेकंद लागतात. तुमचे वीस सेकंद मी पंधरा मिनिटं पाहते, पुढे-मागे करून, थांबवून. त्यातूनच मला काय सांगायचं ते कळतं.

तेव्हा तो व्हिडिओ कसा घ्यायचा ते नीट समजून घ्या. लाठीच्या एका टोकाला लाल आणि दुसऱ्याला पिवळी चिकटपट्टी गुंडाळा, प्रत्येकी चार बोटं रुंद. दोन्ही टोकं सारखी दिसली की कुठलं पुढे आहे ते मला कळत नाही, आणि लाठीच्या निम्म्या चुका चुकीचं टोक पुढे आल्याच्याच असतात. मोबाईल जमिनीवर टेकवू नका, तुमच्या कमरेच्या उंचीवर ठेवा, चार-पाच मीटर लांब. जवळून काढायची ती रुंद लेन्स वापरू नका, तिच्यात कडेची लाठी ताणून दिसते. उजेड मोबाईलच्या मागून तुमच्यावर यावा. दर हाताचे दोन तुकडे पाठवा: एक पाठीमागून, एक उजव्या कुशीकडून. आणि 'स्लो मोशन' वापरा. सेकंदाला २४० चित्रं घेणारा मोबाईल असेल तर ४२ सेंटिमीटरचे पाच होतात, आणि मला तुमचा अंगठासुद्धा दिसतो.

आवाजही हवा, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. लाठी नीट फिरत असेल तर एकसारखा 'सूं' येतो. मनगट अडलं की तो तुटतो. मैदानावर माझी पाठ असली तरी कोणत्या मुलाचा हात अडतोय ते मला आवाजावरून कळतं. व्हिडिओ कॉलची ॲप्स हा आवाज गोंगाट समजून गाळून टाकतात. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, ती चालू केली की सूं ऐकू येतो. कॉलवर एकत्र आकडे मोजण्याचा प्रयत्न मात्र सोडून द्या. माझा 'एक' तुमच्यापर्यंत पोहोचून तुमचं पाऊल मला दिसेपर्यंत अर्धा सेकंद सहज जातो. मोजायचं विद्यार्थ्याने, ऐकायचं मी.

आणखी एक गोष्ट मी दर पंधरा दिवसांनी मागवते: दोन्ही तळव्यांचा फोटो. नवख्यांना ते विचित्र वाटतं, पण तळवा सगळं सांगतो. बोटांच्या मुळाशी घट्टे येत असतील तर ठीक चाललंय. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात फोड आला तर मूठ आवळली जातेय, लाठी फिरत नसून ओढली जातेय. फक्त उजव्या तळव्यावरच खुणा असतील तर डाव्या हाताचा सराव झालेला नाही, मग तोंडाने काहीही सांगोत. गेल्या वर्षी एका मुलीच्या करंगळीखाली फोड दिसला, व्हिडिओत काहीच चूक दिसत नव्हती. विचारल्यावर कळलं, तिची लाठी खोलीतल्या हीटरशेजारी ठेवलेली होती, सुकून तिला बारीक चीर गेली होती आणि तिथे कातडी अडकत होती. लाठी बदलली, फोड गेला.

आता पायांबद्दल, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण व्हिडिओवरून शिकणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पडद्यावर नजर हातावर जाते. लाठी चमकते, पाय चमकत नाहीत. पण लाठीची विद्या पवित्र्यात आहे. पवित्रा म्हणजे उभं राहण्याची आणि सरकण्याची रीत. पुढचा गुडघा किती वाकलेला, मागची टाच टेकलेली की उचललेली, वजन कुठल्या पायावर, वळताना आधी कंबर फिरते की आधी पंजा. माझे वस्ताद पहिले दोन महिने लाठी देत नसत. हात पाठीमागे बांधून पवित्रे करायला लावत. आम्ही कुरकुर करायचो. तेच आज मी व्हिडिओवर करते, फक्त दोन महिन्यांऐवजी तीन आठवडे, कारण पडद्यापलीकडच्या मुलाचा धीर लवकर सुटतो हे मला माहीत आहे.

घरात जमिनीवर खडूने किंवा कागदी चिकटपट्टीने अधिकचं मोठं चिन्ह काढा, प्रत्येक भुजा तुमच्या एका लांब पावलाएवढी. मधोमध उभे राहा. उजवा पाय पुढच्या भुजेच्या टोकाला, गुडघा पंजाच्या सरळ वर, आत कोसळलेला नको. मग मध्यावर परत. मग डावा. मग कुशीला, मग मागे. मागे जाताना टाच आधी टेकवली तर तोल जातो, चवडा आधी टेकवायचा. चारही दिशा दोन्ही पायांनी झाल्या की एक फेरी. लेकीला अशा दहा फेऱ्या करायला सांगा आणि तिच्या डोक्यावर रुमालाची घडी ठेवा. घडी पडली तर ती पाऊल टाकताना वर-खाली होतेय. लाठी हातात आल्यावर हाच वर-खाली होण्याचा दोष खांद्यात जातो आणि फिरकी तिथे मोडते. हा सराव जर्मनीच्या हिवाळ्यात बंद खोलीतही होतो, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना त्रास न देता.

लाठी मात्र घरात फिरवता येणार नाही. तिकडच्या घरांची छतं साधारण अडीच मीटरची असतात. डोक्यावर हात नेताना लाठीचं टोक जवळजवळ तीन मीटरपर्यंत जातं. दिवा फुटेल हा प्रश्न किरकोळ आहे. टोक छताला अडलं की तो धक्का थेट मनगटात येतो, हा खरा धोका. खोलीत सराव करायचाच असेल तर दोन फुटांच्या काठीने मनगटाची फिरकी करा, कुशीला आठाचा आकडा काढत. पाच फुटी लाठीसाठी बागेत किंवा मैदानावर जा, चहूबाजूंनी तीन मीटर मोकळं हवं. सार्वजनिक जागी काठी घेऊन सराव करण्याबद्दल तिथले नियम काय आहेत ते आधी विचारून घ्या.

लाठी कुठली? आमच्याकडे भरीव वेळूची, गाठी घासून गुळगुळीत केलेली, तेल पाजलेली. उंची ज्याची त्याच्या कानाएवढी. म्हणजे तुमच्या आणि लेकीच्या अशा दोन वेगळ्या लाठ्या लागतील. तिला तुमची लाठी देऊ नका, आणि 'वाढत्या अंगाची' म्हणून लांब तर मुळीच घेऊ नका. विमानातून आणणं जमत नसेल तर जर्मनीत काठीयुद्ध शिकवणाऱ्यांच्या दुकानात वेताच्या काठ्या मिळतात. वेत फुटून अणकुचीदार होत नाही, त्याचे धागे सुटतात, म्हणून मुलांसाठी तो बरा. झाडूचा लाकडी दांडा सुरुवातीला चालतो, पण तो कुठेही आपटू नका, तडकला तर सळईसारखा तुकडा उडतो.

शिकवणाऱ्यापासून लांब राहून शिकण्याची धडपड काही आजची नाही. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार या संपादकांनी १९३६ पासून दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश काढला. त्यात आपल्या कसरती, खेळ आणि शस्त्रविद्या आकृत्यांसह मांडल्या. ज्या गावात वस्ताद नव्हता तिथल्या पोरांनाही त्यातून काहीतरी हाती लागावं ही त्यामागची तळमळ वाचताना जाणवते. आमच्या वस्तादांकडे त्यातला एक खंड होता, बाइंडिंग सुटलेला. ते म्हणायचे, चित्रात हात कुठे पोहोचला ते दिसतं, कुठून निघाला ते दिसत नाही. व्हिडिओने ती उणीव भरून काढली, हात कुठून निघाला तेही दिसायला लागलं. पण त्या हातात वजन किती होतं, ते अजूनही दिसत नाही. जाता जाता लेकीला हेही सांगा: त्याच १९३६ साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं होतं. ती ज्या देशात लाठी धरणार आहे तिथे आपली माणसं नव्वद वर्षांपूर्वी हे खेळ दाखवून आली आहेत.

आता जिथे गाडी अडते तिथे येते.

डब्लिनला नोकरी करणारा नागपूरचा एक तरुण माझ्याकडे आठ महिने व्हिडिओवर शिकला. मेहनती, एकही आठवडा न चुकवणारा. चौफेर फिरकी, हातबदल, दोन लाठ्या, सगळं सफाईने करायचा. सुट्टीत आला आणि थेट मैदानावर उतरला. मी त्याच्यासमोर चौदा वर्षांची मुलगी उभी केली, आणि तिला सांगितलं, सावकाश एक 'शिर' घाल. शिर म्हणजे डोक्यावर उभा येणारा वार. तो अडवायचा कसा ते याला उत्तम माहीत होतं, शंभर वेळा करून पाठवलं होतं. मुलीची लाठी वर गेली आणि त्याचे डोळे मिटले. हात योग्य जागी गेले, पण अर्धा क्षण उशिरा, आणि पाय मागे सरकायच्या ऐवजी जागीच रुतले. तिने लाठी त्याच्या केसांवर चार बोटं थांबवली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला अजून आठवतो. तो म्हणाला, "ताई, ती इतक्या जवळ असते हे मला माहीतच नव्हतं."

हे अंतर व्हिडिओ शिकवू शकत नाही. पडदा सपाट आहे. डोक्यापासून चार बोटांवर थांबलेली लाठी आणि फूटभर लांबून गेलेली लाठी समोरून एकसारखीच दिसते. समोरच्याच्या खांद्याची हालचाल पाहून वार कुठून येणार ते ओळखणं, तमाचा येतोय की बाहेरा, म्हणजे एका गालाकडे येणारा वार की उलट्या बाजूने येणारा, आणि तेवढ्यात अर्धं पाऊल कापून आत शिरणं किंवा बाहेर निघणं, हे दुसऱ्या माणसाच्या समोर उभं राहूनच येतं. आणि भीतीही. लाठी अंगावर येताना डोळे उघडे ठेवणं ही सवय आहे, ती अंगावर लाठी येऊनच लागते. त्या तरुणाला मी पुढचे नऊ दिवस फक्त हेच दिलं. दहाव्या दिवशी त्याचे डोळे उघडे राहिले. आठ महिन्यांचं काम वाया गेलं नव्हतं, नवख्याला हे नऊ दिवसांत कधीच जमलं नसतं. पण ते नऊ दिवस त्याला डब्लिनमध्ये बसून मिळाले नसते.

तुमच्या बाबतीत एक सोय आहे: तुम्ही दोघं आहात. पोहायला शिकताना वापरतात ती फोमची लांब नळी आणा. तिसऱ्या महिन्यापासून तुम्ही नळी घ्यायची आणि लेकीने हातात काहीही न घेता समोर उभं राहायचं. तुम्ही सावकाश शिर घाला, तिने फक्त पवित्रा बदलून वाटेतून बाजूला व्हायचं, डोळे न मिटता. लागली तरी इजा नाही. मग तिच्या हाती नळी आणि तुम्ही रिकाम्या हाताने. हे रोज पाच मिनिटं करा आणि महिन्यातून एकदा मला पाठवा. लाठीवर लाठी मात्र घरच्या घरी घालू नका, अगदी हळू म्हणूनसुद्धा नाही. बोटांवर सरकणारी लाठी बोट मोडते, आणि ती हळूच सरकते.

दुसरा सल्ला काही मराठी मंडळींना रुचत नाही, तरी देते. जर्मनीत जुन्या युरोपीय तलवारबाजीचा सराव करणारे क्लब जागोजागी आहेत, फिलिपिनो काठीयुद्धाचे वर्गही बरेच आहेत. तुम्ही आठवड्यातून एकदा तिथे जा. त्यांच्याकडे जाळीचे मुखवटे, हातमोजे, जोडीदार आणि जोडीने सराव करण्याची शिस्त आहे. त्यांची विद्या वेगळी, पण अंतर आणि डोळे कुठल्याही मुलखात सारखेच. त्याने आपला खेळ बाटत नाही. माझ्याकडची म्युनिकची मुलगी हे करते, आणि माझ्या दूरच्या विद्यार्थ्यांमध्ये पाऊल तिचंच सगळ्यात जिवंत आहे.

दांडपट्ट्याला मी एवढा ठाम नकार का दिला? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला, तेव्हापासून मला त्याबद्दलच सर्वाधिक विचारणा होते. पोरांना त्याचं आकर्षण वाटावं यात नवल नाही, मलाही वाटलं होतं. पण त्याची रचना पाहा. पातं लांब, दुधारी, लवतं. मुठीच्या जागी लोखंडी खोबळा, त्यात हात कोपराजवळपर्यंत जातो आणि आतल्या आडव्या दांडीला पकडतो. म्हणजे मनगट बांधलं गेलं. तलवार मनगटावर वळते, लाठी तर मनगटावरच जगते, पट्टा मात्र खांदा, कंबर आणि पाय मिळून फिरवावा लागतो. व्हिडिओत बघणाऱ्याला पात्याचा लखलखाट दिसतो आणि तो दंडाच्या जोरावर ते फिरवायला बघतो. कमरेने साथ दिली नाही की लवतं पातं परत येताना आपल्याच मांडीकडे किंवा कानाकडे येतं. मैदानावर मी शिकणाऱ्याच्या पाठीमागे त्याच्या कमरेचा पट्टा धरून उभी असते, कंबर वळली नाही तर हाताने वळवते. हजारो मैलांवरून मी फक्त ओरडू शकते, आणि तेही अर्धा सेकंद उशिरा. लेकीला सांगा, पट्टा पवित्र्यावर उभा आहे. लाठीचे पाय तिने दोन वर्षं पक्के केले की कोल्हापुरात येऊन ती पट्टा हातात घालेल, तेव्हा तिला तो परका वाटणार नाही. तळहातावर लिंबू ठेवून पट्ट्याने कापण्याचे, पेटती बनाटी, म्हणजे टोकांना पेटते बोळे लावलेली काठी, फिरवण्याचे व्हिडिओ ती पाहतेच असेल. ते पाहू द्या. करून पाहू देऊ नका. त्या वीस सेकंदांमागे दहा-दहा वर्षं आहेत.

शिकवणारा निवडताना मी एकच गोष्ट आधी विचारीन: तुम्ही माझा व्हिडिओ मागवणार का, आणि त्यावर मला वेगळं काही सांगणार का? आधीच चित्रित केलेले पन्नास धडे विकत घेऊन कुणी शिकलेलं मी पाहिलेलं नाही. शिकलेलं आठवायला ते बरे, शिकायला नाही. कॉलवर एका वेळी सहापेक्षा जास्त मुलं असतील तर कुणाचेच पाय कुणाला दिसत नाहीत, मी पाचवर थांबते. पहिल्याच आठवड्यात दोन लाठ्या हातात देणारा टाळा. अमुक महिन्यांत प्रमाणपत्र म्हणणारा तर नक्कीच टाळा, मर्दानी खेळात कागदाला किंमत नाही, तुमचा हात पाहून माणसं ओळखतात की तुम्ही कुठल्या तालमीचे. वारांची नावंही तालमीगणिक बदलतात. म्हणून एका वेळी एकाच शिकवणाऱ्याकडे शिका, निदान पहिलं वर्ष. इकडचा एक हात, तिकडचा एक हात असं व्हिडिओवरून गोळा केलेलं जोडकाम पायांत उतरत नाही.

आठवड्याचा हिशेब असा ठेवा: एक दिवस चाळीस मिनिटांचा कॉल, चार दिवस पंचवीस मिनिटांचा सराव, दोन दिवस विश्रांती. मनगटाच्या आतल्या बाजूला दुखलं तर त्या दिवशी लाठी बंद, पवित्रे चालू. अकरा वर्षांच्या मुलीला एकटीला सराव करू देऊ नका. तुम्ही सोबत शिकणार आहात ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. परदेशातल्या ज्या मुलांचे आईवडील फक्त मोबाईल धरून उभे राहतात ती चार महिन्यांत गळतात. जिथे बाप स्वतः रुमालाची घडी डोक्यावर ठेवून पाऊल टाकतो तिथलं मूल टिकतं, हे मी पाच वर्षं पाहते आहे.

आणि सुट्टीत भारतात याल तेव्हा दहा दिवस मैदानासाठी बाजूला काढा. लग्नं, देवदर्शन, खरेदी यांच्या फटीत बसवलेले दोन दिवस नकोत. सकाळी सहाला यायचं, नऊला मोकळं व्हायचं. पहिल्या वर्षी तुम्ही दोघं आलात तर तिच्यासमोर मी तिच्याच वयाची मुलगी उभी करीन.

तोवर पहिला व्हिडिओ असा पाठवा. लाठी नको. लेकीला खडूच्या खुणेवर कॅमेऱ्याकडे पाठ करून अनवाणी उभी करा, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्यावर रुमालाची घडी. चारही दिशांची एक फेरी, सावकाश, आकडे तिनेच मोठ्याने मोजायचे. मग तुमची फेरी, तशीच. घडी पडली तरी व्हिडिओ पुन्हा काढू नका. कितव्या पावलाला पडली तेच मला पाहायचंय.